पाणी आलं, ताट बदललं

बालमित्रांनो, पुण्याहून सोलापूरला रेल्वेनं निघालात तर दौंडनंतर खिडकीजवळची जागा सोडू नका. भिगवण मागं पडलं, की जिंती रोड, पारेवाडी, वाशिंबे, जेऊर अशी छोटी छोटी स्टेशनं लागतात. याच पट्ट्यात मध्येच लांबवर पाणी चमकू लागतं. पलीकडचा काठ धूसर दिसतो. हिवाळा असेल तर उथळ पाण्यात गुलाबी-पांढरे रोहित पक्षी एका पायावर उभे दिसतील. एखाद्याला वाटेल, सोलापूर जिल्ह्यात समुद्र कुठून आला?

हा समुद्र माणसांनी अडवलेला आहे. माढा तालुक्यातल्या उजनी गावाजवळ भीमा नदीवर धरण बांधायला १९६६ मध्ये सुरुवात झाली आणि १९८० मध्ये ते पूर्ण झालं. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. पूर्ण भरला की त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर जवळजवळ २,८३० कोटी लिटर! आता ११७ नं गुणाकार तुम्हीच करा. वही मोठी घ्या मात्र.

या पाण्याखाली कितीतरी जुनी गावं गेली. माणसांनी घरदार उचलून वरच्या माळावर नवी गावं वसवली. करमाळा तालुक्यात फिरलात तर पाट्यांवर गावाच्या नावापुढं चक्क आकडे दिसतील. केत्तूर नं. १, केत्तूर नं. २, वांगी नं. १... शाळेतल्या हजेरीपटासारखे! उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं, की पळसदेवचं जुनं देऊळ पुन्हा वर येतं आणि लोक ते बघायला गर्दी करतात.

पण आज मला तुम्हाला देऊळ दाखवायचं नाही. या गावांमधलं ताट दाखवायचं आहे. धरणानं इथली जमीन बदलली, तसं इथल्या घराघरातलं जेवणही बदललं. आणि ते कसं बदललं हे नीट समजून घ्यायचं, तर आपल्याला इथून थेट कुवेत, अमेरिका, जपान आणि फिनलंड असा मोठा फेरफटका मारावा लागणार आहे. पास-बीस काही लागत नाही, चला!

आजीचं ताट

धरणकाठच्या कोणत्याही आजीजवळ बसा आणि विचारा, "आजी, तू लहान असताना काय जेवायचीस गं?" उत्तर साधारण असं येईल : ज्वारीची भाकरी, थंडीत बाजरीची, सोबत पिठलं नाहीतर मटकी, हुलग्याची शेंगोळी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. हरभरा कोवळा असताना त्याच्या पाल्याची भाजी. बांधावरची घोळ, पाथरी, तांदुळजा, अंबाडी. ज्वारीच्या रानातच करडईच्या ओळी असायच्या, तिचं तेल घाण्यावरून यायचं. गहू सणाला. साखर पाहुणे आले तरच. एरवी गूळ, तोही खडाभर.

ऐकायला छान वाटतं, हो ना? पण आजीला पुढचाही प्रश्न विचारा. "पोटभर मिळायचं का गं?" मग ती थोडी गप्प होईल. हा सगळा कमी पावसाचा मुलूख. पाऊस हुकला की कणगी रिकामी. १९७२ च्या दुष्काळात इथली माणसं खडी फोडायला आणि तलाव खोदायला जात होती. त्या कामांवर सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, म्हणजे मिलो. गंमत बघा, जी मिलो अमेरिकेत मुख्यतः गुराढोरांना घालतात, तिच्या भाकरी भाजून आपल्या आजी-आजोबांनी ते वर्ष काढलं. म्हणून कुणी "जुनं ते सगळं सोनं" म्हणालं, तर लगेच मान डोलावू नका. आजीच्या ताटातलं अन्न चांगलं होतं, पण ते पुरेसं नव्हतं.

नातवाचं ताट

मग पाणी आलं. कालवे निघाले, काठावर पंप बसले. जिथं कुसळं उगवायची तिथं ऊस उभा राहिला. आज सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांसाठी सगळ्या महाराष्ट्रात ओळखला जातो. करमाळा तालुक्यातल्या कंदर गावची केळी तर परदेशी जातात. धरणात चिलापी, रोहू, कटला असे मासे मिळतात. ते भिगवण-इंदापूरच्या बाजारात जातात. गोठ्यात गाई आल्या, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध जाऊ लागलं. पक्की घरं झाली, मुली हायस्कुलात जाऊ लागल्या, दारात मोटारसायकल आली. हे सगळं चांगलंच झालं. पाण्यासाठी ज्यांनी आपली गावं सोडली, त्यांच्या त्यागाचं हे फळ आहे.

आता नातवाचं ताट बघू या. सकाळी चहा, त्यात बुडवायला बिस्किटं नाहीतर खारी. शाळेच्या सुट्टीत पाच-दहा रुपयांचं कुरकुरीत पाकीट. दुपारी पॉलिश केलेल्या तांदळाचा भात, चपाती आणि बटाटा. बांधावरची पालेभाजी दिसत नाही, कारण उसात तणनाशक फवारलं की तणाबरोबर घोळ आणि तांदुळजाही जातो. संध्याकाळी हायवेला गेलं की वडापाव आणि थंड पेयाची बाटली. आणि एक गोष्ट तर मला नेहमी खटकते. घरचं दूध किटलीभर डेअरीला जातं, आणि त्याच पैशातून बिस्किटांचे पुडे घरात येतात!

म्हणजे पैसा आला, पोट भरलं, पण ताटातून पालेभाजी, कडधान्यं आणि भाकरी हळूहळू सरकत बाहेर चालली. "त्यात काय बिघडलं? श्रीमंत देशांत असंच खातात की," असं कुणी म्हणेल. म्हणूनच आता श्रीमंत देशांकडं जाऊ. सगळे श्रीमंत देश सारखंच खातात का? आणि खाऊन सारखेच निरोगी राहतात का?

कंदरची केळी जातात तिकडं

कंदरची केळी जहाजानं आखाती देशांत जातात. आपणही त्यांच्या मागोमाग जाऊ. तिथला कुवेत हा वाळवंटातला छोटासा देश. पूर्वी तिथले लोक मासेमारी करायचे, समुद्रात बुड्या मारून मोती काढायचे. खाणं साधं : मासे, खजूर, भात. मग १९३८ मध्ये तिथं तेल सापडलं आणि १९४६ पासून ते जहाजांत भरून परदेशी जाऊ लागलं. आपल्याकडं जसं पाण्यानं केलं, तसं तिथं तेलानं केलं. फक्त त्यांच्याकडं पैसा कितीतरी पटींनी जास्त आला. बुडी मारणारे हात मोटारीच्या चाकावर आले. घरात गारवा, दारात गाडी, ताटात तळलेलं आणि गोड. आज कुवेतमध्ये मोठ्या माणसांपैकी साधारण दर चौघांत एकाला मधुमेह आहे. जगातल्या सगळ्यात जास्त प्रमाण असलेल्या देशांत त्याची गणना होते. आजोबांच्या पिढीत भूक आणि नातवाच्या पिढीत साखरेचा आजार. दोन पिढ्यांत केवढी उलथापालथ!

आता अमेरिका आणि जपान यांना शेजारी शेजारी बसवू. दोन्ही श्रीमंत. दोन्हीकडं मोठमोठी रुग्णालयं, हुशार डॉक्टर. पण जागतिक मोजमाप लावलं, तर अमेरिकेत शंभर मोठ्या माणसांपैकी चाळीसच्या आसपास लठ्ठ या गटात येतात आणि जपानमध्ये साधारण पाच. जपानमध्ये माणसाचं सरासरी आयुष्य सुमारे ८४ वर्षं आहे, अमेरिकेत ७९ च्या जवळपास. उपचारांवर माणशी सर्वात जास्त खर्च करणारा देश मात्र अमेरिकाच! आयुष्य कमी-जास्त होण्यामागं इतरही कारणं असतात, पण ताट हे त्यातलं मोठं कारण आहे. अमेरिकेतल्या मुलांच्या अंगात जी ऊर्जा अन्नातून जाते, तिच्यातला निम्म्याहून जास्त वाटा कारखान्यात बनलेल्या, पाकीटबंद आणि बाटलीबंद खाण्याचा असतो.

जपानची मुलं काय करतात? तिथं शाळेतल्या जेवणासाठी १९५४ मध्ये कायदाच झाला. बहुतेक प्राथमिक शाळांत दुपारी सगळा वर्ग एकत्र जेवतो. आज ज्यांची पाळी असेल ती मुलं डोक्याला टोपी, अंगात पांढरा अंगरखा घालून सगळ्यांना वाढतात. भात, मासे किंवा सोयाबीनचा एखादा पदार्थ, भाज्या, सार, दूध. गुरुजीही तेच जेवतात. जेवणात काय आहे, ते कुठं पिकलं, ते अंगात जाऊन काय करतं, हेही शिकवतात. २००५ मध्ये तर "आहाराचं शिक्षण" या विषयासाठी त्यांनी वेगळा कायदा केला. म्हणजे आपल्याकडं पाढे तसं त्यांच्याकडं जेवण!

पण जपानही शंभर टक्के गुणांनी पास नाही बरं का. त्यांच्या जेवणात मीठ फार. लोणची, सोयाबीनचा खारट रस्सा, त्यामुळं रोज दहा ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पाच ग्रॅमच्या आत ठेवा. जास्त मिठानं रक्तदाब वाढतो. आपलीही लोणची, पापड आणि मिरचीचा ठेचा आठवला ना?

लोणी विकणाऱ्यांनी काय केलं?

आता जाऊ थंडगार फिनलंडमध्ये. या देशाच्या पूर्वेला उत्तर कारेलिया नावाचा भाग आहे. जंगलं, तळी आणि गाई. इथले लोक कष्टाळू, दूध-लोण्यावर जगणारे. पावावर लोण्याचा जाड थर, दुधात साय, जेवण खारट, भाजी मात्र नावाला. त्यात सिगारेट. १९७० च्या सुमारास इथले ऐन कमावते पुरुष हृदयविकारानं पटापट मरत होते. जगात हे प्रमाण सर्वात जास्त असलेल्या भागांत त्यांचा नंबर वर होता. शेवटी लोकांनीच सरकारला साकडं घातलं, काहीतरी करा. १९७२ मध्ये एक मोहीम सुरू झाली. तिचे प्रमुख होते पेक्का पुस्का नावाचे तरुण डॉक्टर.

त्यांनी काय केलं असेल? मोठं रुग्णालय बांधलं? नाही. ते गावागावांत गेले. बायकांच्या मंडळांनी एकत्र स्वयंपाक करून दाखवला, जुनेच पदार्थ पण भाजी जास्त आणि लोणी कमी. शाळांत मुलांना शिकवलं. खाद्यपदार्थ बनवणाऱ्यांना मीठ आणि चरबी कमी करायला लावलं. एका कारखान्यानं तर मांसाच्या पदार्थातली थोडी चरबी काढून त्याजागी अळंबी घातली! दूधवाले शेतकरी आधी चिडले. साहजिक आहे, त्यांचं पोट लोण्यावर होतं. पण पुढं काहींनी दुधाच्या जोडीला रानफळांसारखी छोटी रसाळ फळं लावली आणि ती विकली. सुमारे चाळीस वर्षांत त्या भागातल्या कमावत्या वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून जास्त कमी झाले. सिगारेट कमी झाली हेही त्याचं एक कारण. पण ताट बदललं हे मोठं कारण.

ही गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगितली. उत्तर कारेलियात जे लोण्याचं, तेच आपल्या धरणकाठी साखरेचं आहे. ज्याच्यावर संसार चालतो त्याबद्दल कुणी काही बोललं, की पटकन राग येतो. पण ऊस लावणं वेगळं आणि घरात ऊठसूट साखर खाणं वेगळं. लोणी विकणाऱ्यांनी लोणी खाणं कमी केलं, आणि ते गाव काही बुडालं नाही.

साखरेचंच बघायचं तर ब्रिटनची एक नवलाची गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथं साखर रेशनवर होती. ती १९५३ च्या सप्टेंबरमध्ये खुली झाली आणि लोकांचं साखर खाणं जवळजवळ दुप्पट झालं. अनेक वर्षांनी शास्त्रज्ञांनी विचार केला, रेशन उठण्याच्या आधी जन्मलेल्या आणि नंतर जन्मलेल्या मुलांचं पुढं काय झालं? देश एक, काळ जवळजवळ एक, फरक फक्त साखरेचा. २०२४ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आईच्या पोटात असताना आणि पहिली दोन वर्षं ज्यांना साखर कमी मिळाली, त्यांना मोठेपणी मधुमेह होण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी निघाला. २०१८ मध्ये ब्रिटननं जास्त साखरेच्या थंड पेयांवर कर बसवला. तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी आपणहून पेयातली साखर कमी केली.

आता परत आपल्या काठावर

तर मित्रांनो, फेरफटक्यात काय सापडलं? श्रीमंत झालं की माणूस आपोआप निरोगी होतो, असं मुळीच नाही. पैशानं ताट भरतं. पण त्यात काय भरायचं, हे घरानं, शाळेनं आणि गावानं मिळून ठरवावं लागतं. जपाननं शाळेत ठरवलं, फिनलंडनं गावात ठरवलं. कुवेत आणि अमेरिका आता मोठी किंमत देऊन ठरवायला बसले आहेत.

आपली अडचण तर दुप्पट आहे. एकीकडं भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसलं. आणि आपल्या लोकांना तो अंगानं फार जाड नसतानाही होतो. दुसरीकडं, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी पस्तीस मुलांची उंची वयाच्या मानानं खुंटलेली आहे. म्हणजे एकाच गावात, कधी एकाच बाकावर, पाकिटांवर वाढलेला एक मुलगा आणि ऊसतोडीच्या फडावरून आलेली, पोटभर न मिळालेली एक मुलगी शेजारी शेजारी बसलेली असतात. म्हणून एक विनंती : कुणाच्या अंगावरून कुणाला चिडवू नका. जाडा असो, काडी असो, दोष त्या मुलाचा नसतो.

आणि आपल्याजवळ काय काय आहे ते तरी बघा! मंगळवेढ्याची ज्वारी इतकी नावाजलेली, की २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ हे वर्ष तर भारताच्या प्रस्तावावरून साऱ्या जगानं भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं. शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास तंतुमय भाग असतो, मैद्यात किंवा पॉलिशच्या तांदळात जेमतेम तीन. हे तंतू पोटात गेले की अन्नातली साखर रक्तात सावकाश उतरते आणि लवकर भूक लागत नाही. शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे सहा मिलिग्रॅम लोह असतं, पांढऱ्या तांदळात एकसुद्धा नाही. भाकरीवर लिंबू पिळलं तर ते लोह अंगी जास्त लागतं, आणि जेवताना चहा घेतला तर कमी लागतं. जपानी मुलं मासे खातात, आपल्या धरणात मासे आहेतच. जपानी मुलं दूध पितात, आपल्या गोठ्यात गाय आहेच. शाळेत पोषण आहार मिळतो, आणि कितीतरी शाळांनी अंगणात परसबाग केली आहे. त्या वाफ्यातली मेथी आणि शेवगा खिचडीत पडला, की तिची चवच बदलते.

तुमच्यासाठी तीन कामं

पहिलं काम, ताटाची वही. सात दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत जे खाल ते लिहा. पालेभाजी, कडधान्य किंवा डाळ, दूध, फळ, मासे किंवा अंडं, भाकरी यांपुढं हिरवी खूण करा. पाकीट आणि बाटलीपुढं लाल. आठव्या दिवशी मोजा. वही कुणाला दाखवायची सक्ती नाही, म्हणून खरं लिहा.

दुसरं काम, चमच्यांचं गणित. थंड पेयाच्या बाटलीवर किंवा बिस्किटाच्या पुड्यावर बारीक अक्षरांत साखर किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. बहुतेक इंग्रजीत असतं, तेवढं ताईकडून वाचून घ्या. त्या आकड्याला चारनं भागा, तेवढे छोटे चमचे. २५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा चमचे! जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसभरात वरची साखर याच्या आत ठेवायला सांगते. तेवढी साखर खरोखर वाटीत काढा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा. मग परत तिच्या डब्यात ओता, नाहीतर आईची बोलणी मला खावी लागतील.

तिसरं काम, आजीची भाजी. तिला माहीत असलेल्या बांधावरच्या भाज्यांची नावं लिहून घ्या. तिच्याबरोबर जाऊन त्यातल्या किती अजून उगवतात ते शोधा. फवारलेल्या रानातलं मात्र काही तोडू नका.

आणि हे पान वाचणाऱ्या आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. एकरांनी ऊस असू द्या, पण दोन-चार गुंठे ज्वारी, मूग आणि भाजीला ठेवता येतील का? किटली डेअरीला जाण्याआधी घरातल्या प्रत्येक मुलासाठी पेलाभर दूध मागं राहील का? पाहुण्यांकडं जाताना पोरांना बिस्किटाच्या पुड्याऐवजी डझनभर केळी नेता येतील का? ती तर आपल्याच गावची आहेत.

ताटाची वही भरली की त्यात हिरव्या खुणा किती आणि लाल किती, ते मला नक्की कळवा. आणि आजीनं सांगितलेल्या भाज्यांपैकी आम्हाला ठाऊक नसलेली एखादी निघाली, तर ती कशी करायची तेही लिहायला विसरू नका.